वकिलाला द्यायला पैसे नाहीत, तर काय होतं?

घरातल्या कुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की पहिला फोन नातेवाइकांना जातो आणि दुसरा 'ओळखीत कुणी वकील आहे का' हे विचारायला. मग फीचा आकडा समजतो. कुणी भिशी उचलतं, कुणी दागिना गहाण टाकतं, कुणी गावाकडची म्हैस विकतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांचा माणूस वकिलाविना आत राहतो. पुण्यात बांधकामावर, हॉटेलच्या भटारखान्यात, मार्केट यार्डात हमालीवर पोट असलेल्या घरांमध्ये हे सतत घडतं.

या धावपळीत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. अटकेत असलेल्या कुठल्याही माणसाला मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्याचं उत्पन्न किती, जात कोणती, आरोप कसला, यातलं काहीही आड येत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये कोठडीतल्या माणसाचा थेट उल्लेख आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्न न बघता ही मदत मिळते. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाख रुपये आहे.

हक्क आहे, मग अडतं कुठे? अडतं ते यात, की वकील नेमला गेला म्हणजे बचाव झाला असं सगळे धरून चालतात. तो वकील कधी आला, आरोपीशी किती वेळ बोलला, त्याच्या हातात कागद कधी पडले, पळापळ करायला त्याच्या मदतीला कुणी होतं का, यावर माणूस घरी जाणार की वर्षानुवर्षं येरवड्यात राहणार हे ठरतं. सुधारणा करायची तर ती इथे करायला हवी.

'चोराला आमच्या कराच्या पैशातून वकील कशाला?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचा राग खोटा नसतो. पण खटला संपेपर्यंत तो आरोपी असतो, चोर नसतो. त्याच्या विरुद्ध बाजूला पोलीस खातं असतं, न्यायवैद्यक प्रयोगशाळा असते, पगारी सरकारी वकील असतो, आणि हे सगळंही आपल्याच करातून चालतं. एका बाजूला एवढी यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला सही करायला कचरणारा माणूस, अशा लढतीतून निघालेल्या निकालावर फिर्यादीनं तरी कसा विश्वास ठेवायचा? भलत्यालाच शिक्षा झाली तर खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरतो, हे फिर्यादीच्याही हिताचं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ७५.८ टक्के. यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. येरवडा मध्यवर्ती कारागृहातही क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं असतात आणि त्यांत बहुसंख्य कच्चे कैदीच असतात.

येरवड्यातून निघालेली एक वाट

मोफत वकिलाचा हक्क कुणी सरकारनं एका दिवसात बहाल केला नाही. तो एकेका खटल्यातून उभा राहिला आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या खटल्याचा धागा आपल्या येरवड्याशी जोडलेला आहे.

१९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीनं संविधानात अनुच्छेद ३९-अ आला. गरिबीमुळे कुणी न्यायाला मुकू नये, असं त्यात म्हटलं होतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व होतं. त्याच्या जोरावर न्यायालयात दाद मागता येत नव्हती. मग १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आला. आरोपीला उच्च न्यायालयानं १९७३ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयात यायला एवढा उशीर का झाला, असं विचारल्यावर त्याचं म्हणणं असं की निकालाची प्रतच मिळाली नव्हती. उच्च न्यायालयानं प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. अधीक्षक म्हणाले, दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. कैदी म्हणाला, मिळालीच नाही. पोच कुणाकडेच नव्हती. अर्ज फेटाळला गेला, पण न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या निमित्तानं नियम घालून दिले: कैद्याला निकालाची प्रत मोफत द्यायची, त्याची लेखी पोच घ्यायची, आणि त्याची ऐपत नसेल तर अपिलासाठी सरकारी खर्चानं वकील द्यायचा.

पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून खटला झाला. बिहारच्या तुरुंगांत अशी माणसं सापडली, ज्यांनी आरोपासाठी असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याविना आत काढला होता. न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठानं मोफत वकिलाचा हक्क थेट अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कात बसवला. १९८१ च्या खत्री खटल्यात आणखी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. हा हक्क खटल्यापासून नाही, तर आरोपीला पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात तेव्हापासून आहे; आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात न्यायालयानं म्हटलं, की आरोपीनं वकील मागितला नाही म्हणून हक्क जात नाही. न्यायालयानं त्याला तो हक्क सांगितलाच नसेल तर शिक्षाच टिकणार नाही. १९८७ च्या कायद्याची अंमलबजावणी मात्र ९ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. त्यातून राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि तालुका पातळीवरची विधी सेवा यंत्रणा उभी राहिली. पुण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातच आहे.

पहिले चोवीस तास

अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागतं. तिथे पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी की जामीन, हे ठरतं. कोर्टाच्या बोलीत पीसीआर की एमसीआर. माझ्या मते गरीब आरोपीचं सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर होतं आणि या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

दुपारच्या वेळी रिमांड कोर्टात, म्हणजे जिथे ही कोठडी ठरते तिथे, काय चालतं ते बघा. भिंतीला लागून चार-पाच आरोपी उभे असतात, शेजारी शिपाई. पुकारा होतो. 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' 'नाही साहेब.' 'वकील आहे का?' 'नाही साहेब.' त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या मोफत वकिलांकडे रिमांड रिपोर्ट सरकवला जातो. ते उभ्या उभ्या वाचतात, आरोपीच्या कानाशी दोन वाक्यं बोलतात आणि पोलिसांनी मागितलेल्या सात दिवसांऐवजी तीन दिवस द्यावेत असं म्हणतात. पुढचा पुकारा होतो. आई दाराबाहेरच्या गर्दीत असते. आत काय झालं ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आता याच वकिलाला आधी अर्धा तास मिळाला असता तर त्यानं काय विचारलं असतं? अटक नेमकी कधी झाली. कागदावर सकाळची वेळ असते, पण आदल्या संध्याकाळीच चौकीवर नेऊन बसवलेलं असू शकतं आणि मग चोवीस तासांचा हिशेब बदलतो. अंगावर मार आहे का. औषधं चालू आहेत का. भाड्याची खोली कुठे आहे, काम कुणाकडे करतो, म्हणजे हा पळून जाणारा नाही हे सांगता येईल. आणि एक प्रश्न तर चुकवूच नये: वय किती? पुष्कळ मुलांच्या आधारकार्डावर अंदाजानं टाकलेली १ जानेवारी ही जन्मतारीख असते. कार्डावर एकोणीस आणि खरं वय सतरा, असं असेल तर त्या मुलाची जागा येरवडा कारागृहात नाही, बाल न्याय मंडळापुढे आहे. कायद्यानं वय ठरवताना आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला बघायचा असतो. तो दाखला लातूरच्या किंवा उत्तर प्रदेशातल्या गोंडाच्या शाळेतून मागवायला कुणीतरी फोन करावा लागतो. हे काम दोन मिनिटांत भेटलेला वकील करू शकत नाही.

पुरावाही याच दिवसांत हातचा जातो. 'मी तेव्हा स्वारगेटला चहाच्या गाडीवर होतो' असं आरोपी म्हणतो. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत तो दिसतही असेल, पण दुकानांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवण्यासाठी अर्ज लगेच करावा लागतो. दोषारोपपत्र आल्यावर नेमलेल्या वकिलानं मागितलं तर काय हाती लागणार?

कायद्यात यासाठी जागा आहे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही, पण भेटीचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३८ मध्ये आहे. २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या सगळ्या न्यायदंडाधिकाऱ्यांना बजावलं, की पहिल्या हजेरीलाच आरोपीला त्याचा हक्क सांगा आणि वकील द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी द्यायची. हे दोन तास म्हणजे वकिलाला तयारीसाठी मिळालेली पहिली खरी संधी आहे. ती वापरायला वकील तिथे हजर मात्र हवा. सुट्टीच्या दिवशीही हवा, कारण अटका रविवारीही होतात.

जामीन मंजूर, माणूस आतच

जामीन मंजूर होणं आणि सुटका होणं यांच्यामध्ये कागदांचा डोंगर असतो. आदेशात लिहिलेलं असतं: पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीचं स्वतःचं हमीपत्र, आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार. ऐकायला फार वाटत नाही. पण जामीनदार म्हणून उभं राहणाऱ्याकडे आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, पगारपत्रक, कधी तहसीलदारांकडचा ऐपतीचा दाखला असं सगळं लागतं. हिंजवडीच्या साइटवर काम करणाऱ्या बिहारच्या किंवा बीडच्या माणसाला पुण्यात घरपट्टी भरणारा कोण ओळखतो? खोलीचा मालक हात वर करतो, मुकादम फोन उचलत नाही. या अडचणीवर धंदा करणारेही आहेत. बनावट कागदांवर जामीनदार उभे करणाऱ्यांना पुण्यात पोलिसांनी पकडलं आहे आणि अशा जामीनदारामुळे शेवटी आरोपीच आणखी गोत्यात येतो.

१९७८ च्या मोती राम खटल्यात हेच घडलं होतं. मध्य प्रदेशातला एक गवंडी, दहा हजारांचा जामीन, आणि जामीनदार म्हणून भाऊ आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाच ते चूक ठरवलं. तरीही 'स्थानिक जामीनदारच आणा' हा हट्ट अजून गेलेला नाही.

या जागी चांगला वकील पुष्कळ काही करू शकतो. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर माणूस गरीब आहे असं गृहीत धरून त्याला जातमुचलक्यावर सोडायचं, असं संहितेचं कलम ४७८ सांगतं. अजामीनपात्र गुन्ह्यात तात्पुरता रोख जामीन मागता येतो, म्हणजे आधी पैसे भरून बाहेर यायचं आणि काही आठवड्यांत जामीनदार आणून द्यायचा. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं, की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जातमुचलका किंवा जामीनदार दिला गेला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. शिवाय २०२३ पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी मदत योजना आहे: त्या वर्षीच्या नियमांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, तर दंड भरता न आल्यानं अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत ठरली होती. अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचे आरोपी यातून वगळले आहेत. नावं जिल्हा पातळीवरच्या समितीपुढे ठेवावी लागतात. म्हणजे कुणीतरी बराकीत जाऊन यादी करायला हवी.

तारखांचंही तसंच. पोलिसांना दोषारोपपत्र दाखल करायला ठरावीक मुदत असते: फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मोक्कासारख्या विशेष कायद्यात ती १८० पर्यंत वाढवता येते. मुदत संपली आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो. पण अर्ज करावा लागतो आणि तो दोषारोपपत्र येण्याच्या आत. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज करणारा वकील नसला आणि दुपारी पोलिसांनी कागद दाखल केले, तर हक्क गेला.

दुसरी तरतूद याच संहितेच्या कलम ४७९ ची. याआधी कधीही गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचं. इतरांसाठी ही मर्यादा कमाल शिक्षेच्या निम्मी आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे आधी गुन्हा सिद्ध न झालेल्याला एक वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. आणि एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर या कलमाचा लाभ मिळत नाही. ही अट मला खटकते. दुचाकी चोरीत पकडलेल्या पोरावर चार पोलीस ठाण्यांचे चार गुन्हे एकदम लागतात; एकही सिद्ध झालेला नसतो, तरी तो या तरतुदीबाहेर फेकला जातो. अशा वेळी प्रत्येक गुन्ह्यात वेगळा जामीन अर्ज करून लढावं लागतं आणि त्यासाठी चारही प्रकरणांची माहिती असलेला एकच वकील लागतो.

खटला चालतो तेव्हा

साक्षी सुरू झाल्या की घाईची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. मध्य प्रदेशातल्या अनोखीलाल खटल्यात आरोप भयंकर होता, एका लहान मुलीवरचा अत्याचार आणि तिचा खून. २०१३ मध्ये आरोपीला मोफत वकील ज्या दिवशी नेमला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि दोनेक आठवड्यांत फाशीची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द करून पुन्हा खटला चालवायला सांगितलं. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या खटल्यात किमान दहा वर्षं अनुभवाचा वकील नेमा आणि त्याला तयारीला किमान सात दिवस द्या, असंही बजावलं. पुढे प्रकरण आणखी वर-खाली झालं आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली. त्या मुलीच्या घरच्यांनाही अकरा वर्षांनंतर हातात काही लागलं नाही.

उलटतपास म्हणजे नुसते मोठ्या आवाजातले प्रश्न नव्हेत. जप्तीच्या पंचनाम्यावर सही करणारा पंच घ्या. तो याआधी किती खटल्यांत त्याच पोलीस ठाण्याचा पंच होता? पंचनाम्यावर रात्री सव्वाआठ लिहिलंय, त्या वेळी स्टेशन डायरीत आरोपी कुठे दाखवलाय? जागेवर दिव्याचा खांब आहे का? खांब बघायला जागेवर जावं लागतं, डायरीसाठी अर्ज करावा लागतो, जुन्या खटल्यांची नावं शोधावी लागतात. हे सगळं तारखेच्या आदल्या रात्री होत नाही.

पूर्वी मोफत वकील म्हणजे पॅनेलवरचा, प्राधिकरणाच्या यादीतला वकील. तो स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून अशी प्रकरणं घेतो आणि त्याला मिळणारं मानधन खासगी फीच्या पासंगालाही पुरत नाही. काहीजण तरीही जीव ओतून काम करतात, त्यांना मी मानतो. पण व्यवस्था अशा सज्जनांच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून राष्ट्रीय प्राधिकरणानं २०२२ मध्ये नवी योजना आणली. मराठीत तिचं नाव लोकअभिरक्षक. सरकारी वकिलांचं जसं कार्यालय, तसं बचावाचं कार्यालय: दहा वर्षं अनुभवाचे मुख्य लोकअभिरक्षक, सात वर्षं अनुभवाचे उप, आणि त्यांच्या हाताखाली नवे सहायक. ही मंडळी पूर्ण वेळ फक्त हेच काम करतात, खासगी प्रॅक्टिस करू शकत नाहीत. पुण्यातही हे कार्यालय आहे. फौजदारी बचावाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांतलं सर्वांत चांगलं पाऊल हेच, असं मला वाटतं.

आता पुढे काय हवं

सर्वांत आधी, एका वकिलाकडे एका वेळी किती प्रकरणं असावीत याला मर्यादा हवी. अमेरिकेचा अनुभव इथे डोळे उघडणारा आहे. तिथे १९६३ च्या गिडियन निकालानं गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील देणं राज्यांना बंधनकारक झालं. गिडियननं तुरुंगातून पेन्सिलीनं अर्ज लिहिला होता. पुन्हा खटला चालला, या वेळी वकील होता, आणि तो निर्दोष सुटला. पण नंतर त्या सरकारी बचाव कार्यालयांवर प्रकरणांचा इतका बोजा पडला, की कित्येक ठिकाणी वकील आणि आरोपी यांची ओळख सुनावणीच्या दिवशीच होते. १९७३ मध्ये तिथे मापदंड ठरला होता, एका वकिलाला गंभीर गुन्ह्यांची वर्षाला दीडशे प्रकरणं. २०२३ च्या मोठ्या अभ्यासानं तोही आकडा फार जास्त ठरवला. आपण लोकअभिरक्षक कार्यालयं उभी करत असतानाच ही मर्यादा लिहून ठेवली नाही, तर दहा वर्षांनी आपल्याकडेही तेच दिसेल.

दुसरं, वकिलाबरोबर समाजसेवक हवा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये हेच काम करतो. येरवडा आणि नागपूर मध्यवर्ती कारागृहांत दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या पुढाकारानं वकील आणि समाजसेवक यांनी मिळून कच्च्या कैद्यांची प्रकरणं हाताळण्याचा उपक्रम चालला. शाळेचा दाखला मागवणं, घरच्यांना शोधणं, जामीनदाराचे कागद गोळा करणं, मनोरुग्ण कैद्याचे उपचाराचे कागद मिळवणं, ही कामं वकिलाची नाहीत. पण ती झाली नाहीत तर वकिलाचा युक्तिवाद हवेत राहतो. लोकअभिरक्षक कार्यालयात अशी कायमची पदं हवीत. पुण्यात विधी आणि समाजकार्य दोन्ही शिकवणाऱ्या संस्था भरपूर आहेत, माणसांची वानवा नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. लोकअभिरक्षक कंत्राटी असतात, मुदत संपली की नूतनीकरण होतं. आणि ज्या प्राधिकरणाकडून ते होतं, त्याचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश असतात. ज्या न्यायव्यवस्थेपुढे उभं राहून 'हा आदेश चुकीचा आहे' असं ठणकावून सांगायचं, तिच्याच हातात आपली नोकरी असेल तर वकिलाचा आवाज जरा खाली येऊ शकतो. यात कुणा न्यायाधीशांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण सरकारी वकिलांना जसं वेगळं संचालनालय आहे, तसं बचावालाही स्वतंत्र छत्र मिळायला हवं, आणि नेमणुकीची मुदत एवढी लांब हवी की नूतनीकरणाची धास्ती राहणार नाही.

शिवाय रिमांडला एक, जामिनाला दुसरा, साक्षीला तिसरा असं होता कामा नये. आणि महिन्यातून एकदा तरी वकिलानं आरोपीला जेलमध्ये जाऊन भेटावं. व्हिडिओ कॉन्फरन्सवर शेजारी शिपाई उभा असताना कुणी खरं बोलत नाही.

गरज पडली तर

टोल-फ्री १५१०० या क्रमांकावर फोन करा, किंवा शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बारामती, जुन्नर, राजगुरुनगर, दौंड अशा तालुक्यांच्या न्यायालयांत तालुका समित्या आहेत. साध्या कागदावरचा अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक लिहून देतात. आरोपी कोठडीत असेल तर उत्पन्नाचा दाखला मागू नये, आणि इतरांच्या बाबतीतही संशयाला जागा नसेल तर प्रतिज्ञापत्र पुरतं. कारागृहातही विधी सहाय्य कक्ष असतो, आतूनच अर्ज देता येतो. आरोपीनं न्यायाधीशांपुढे 'साहेब, मला वकील नाही, मला सरकारी खर्चानं वकील हवा' एवढं म्हटलं तरी पुरे.

वकिलाला भेटताना अटकेची तारीख-वेळ, पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा नोंद क्रमांक, पुढची तारीख, वयाचा दाखला आणि पुण्यातल्या राहण्याचा कुठलाही पुरावा घेऊन जा. आजारपणाचे कागद असतील तर तेही. या सेवेत पक्षकारानं एक पैसाही द्यायचा नसतो; झेरॉक्स, कोर्ट फी, नकला, सगळं यात येतं. कुणी पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते. वकील तारखांना येत नसेल, बोलत नसेल, तर तो बदलून मागता येतो. त्यासाठीही अर्ज सचिवांकडेच.

शिक्षा झाली तरी हा हक्क संपत नाही. अपिलासाठी मोफत वकील मिळतो: सत्र न्यायालयात तीस दिवसांच्या आत, उच्च न्यायालयात साठ दिवसांच्या आत अपील करायचं, फाशीच्या शिक्षेविरुद्ध मात्र तीसच दिवस. निकालाची प्रत कैद्याला मोफत मिळते आणि ती मिळाल्याची सही त्यानं स्वतः बघून करायची. मुदत उलटून गेली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलासोबत जोडता येतो; प्रत किती तारखेला हातात पडली, हे त्यात नक्की लिहावं.